आईबरोबर उबिनला

सिंगापूर हे पाहुण्यांच्या दृष्टीने साडेतीन दिवसांचं गाव आहे. पहिल्या दिवशी मरलायन आणि समोरचं ते डोक्यावर जहाज घेतलेलं हॉटेल, दुसऱ्या दिवशी सेंटोसा, तिसऱ्या दिवशी प्राणिसंग्रहालय आणि उरलेला अर्धा दिवस मुस्तफात बॅगांचं वजन वाढवायला. संपलं. चौथ्या दिवशी पाहुणे सोफ्यावर बसून "आता काय?" अशा नजरेने बघायला लागतात आणि यजमान लॅपटॉप उघडून "जरा अर्जंट काम आलंय हो" असं पुटपुटायला लागतो. इथे नोकरी करून चौदा वर्षं झाली, त्यामुळे या विषयातला माझा अभ्यास दांडगा आहे.

अशा चौथ्या दिवसावर माझ्याकडे एक हुकमी औषध आहे. पुलाऊ उबिन. पुलाऊ म्हणजे मलय भाषेत बेट. (पुलाव नव्हे. हा विनोद प्रत्येक मराठी पाहुणा करतोच, म्हणून मीच आधी करून मोकळा झालो.) मुख्य बेटाच्या ईशान्येला, मलेशियाच्या आणि आपल्या मध्ये, साधारण दहा चौरस किलोमीटरचा हा तुकडा. होडीने दहा-पंधरा मिनिटं. आणि त्या दहा-पंधरा मिनिटांत माणूस सत्तरच्या दशकात जाऊन उतरतो. मॉल नाही, मेट्रो नाही, उंच इमारत नाही. शहराची वीज नाही की नळाचं पाणी नाही. ज्याचं त्याचं डिझेलचं जनरेटर आणि ज्याची त्याची विहीर. जिथे मेट्रो तीन मिनिटं उशिरा आली तर लोक घड्याळ बघतात, त्या देशातलंच हे.

मी तिथे आजवर नऊ-दहा वेळा गेलो असेन. बायको म्हणते की मला उबिनचं व्यसन आहे. असेलही. आठवडाभर स्क्रीनकडे बघून डोळ्यांचं भरीत झालेलं असतं, शुक्रवारी रात्री कसलं तरी रिलीज असतं आणि शनिवारी सकाळी फोन वाजेल या धास्तीने झोप लागत नाही. उबिनवर जाऊन सायकल हाणली, नारळपाणी प्यालं, खाणीच्या तळ्याकाठी तासभर नुसतं बसलं की पुढचे पाच दिवस निघतात. पण आज लिहायचंय ते २०१९ च्या फेब्रुवारीतल्या एका शनिवारबद्दल, कारण त्या दिवशी बरोबर आई होती.

आई तेव्हा महिन्याभरासाठी आली होती. वय एकाहत्तर. बाबा जाऊन चार वर्षं झालेली, आणि तेव्हापासून ती पुण्याला दादाकडे. आमचं गाव वेंगुर्ल्याच्या बाजूला. घर चिऱ्याचं, कौलारू, मागे बाव (विहिरीला आमच्याकडे बाव म्हणतात), पाच-सहा माड, एक म्हातारा फणस. चार वर्षं कुलूप. दरवर्षी मे महिन्यात कोणीतरी जाऊन कौलं परतून येतं, म्हणजे येतं असं म्हणायचं. खरं तर शेवटची दोन वर्षं कोणी गेलं नव्हतं.

आणि आई यायच्या आठवडाभर आधी दादाची मेल आली होती. मुंबईची एक पार्टी आहे, रिसॉर्ट करायचंय, आकडा बरा आहे, तुझं कुलमुखत्यारपत्र लागेल, इथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून पाठव. सोबत जोडलेला सातबारा. कोकणातला सातबारा ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. दहा गुंठ्यांवर सोळा नावं, त्यातली सात हयात नाहीत. ती सगळी भानगड दादाने दोन वर्षं खेटे घालून निस्तरली होती, त्यामुळे त्याच्या मेलमध्ये थोडा विजयी सूर होता. मी ती मेल उघडली, वाचली आणि परत 'न वाचलेली' अशी खूण करून ठेवली. आमच्या धंद्यात याला प्रलंबित ठेवणं म्हणतात.

मला घर विकायचं नव्हतं. हे साधं आणि स्पष्ट होतं. आईलाही विचारायची गरज नाही असं मी धरून चाललो होतो, कारण आईला तर नसणारच विकायचं. तिचं आयुष्य गेलंय तिथे.

तर बाराव्या मजल्यावरच्या आमच्या घरात आईचे पहिले दहा दिवस फार शांत गेले. नको इतके शांत. खिडकीतून खाली बघितलं की गरगरतं म्हणून ती हॉलच्या मधोमध खुर्ची घेऊन बसायची. एकदा म्हणाली, "तुमच्याकडे शेजारी आसत काय रे?" मी म्हटलं, आहेत की, चौघं आहेत. "मग आवाज कसो येणा नाय?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मरलायन तिने पाहिला आणि "सिंहाला शेपटी माशाची कशाला?" एवढाच प्रश्न विचारला. सेंटोसा तिला आवडलं नाही. मुस्तफात मात्र तीन तास रमली, पण ते मुस्तफा सगळ्यांनाच करतं.

माघी गणपती शुक्रवारी झाला. मोदक वगैरे साग्रसंगीत. त्याच आठवड्यात चिनी नवं वर्ष, त्यामुळे ऑफिसातली निम्मी मंडळी सुट्टीवर आणि चक्क कसलंही रिलीज नाही. शनिवारी सकाळी घावणे आणि ओल्या नारळाची चटणी डब्यात भरून आम्ही चौघं निघालो. तानाह मेरा स्टेशनपर्यंत मेट्रो, तिथून दोन नंबरची बस, ती थेट चांगी व्हिलेजला सोडते. बस स्टॉपच्या शेजारी मोठं हॉकर सेंटर आहे, तिथला नासी लेमाक (नारळाच्या दुधात शिजवलेला भात, बरोबर तळलेले मासे नाहीतर कोंबडी आणि झणझणीत सांबल) खायला लोक बेटाच्या दुसऱ्या टोकाहून येतात आणि रांगा लावतात. आई नुसत्या वासावरच खूश. "नारळाचा भात म्हणजे आपलाच."

होडीचा कारभार असा की वेळापत्रक नाही, तिकीट नाही. बारा माणसं जमली की होडी सुटते. माणशी तेव्हा तीन डॉलर, रोख, होडीवाल्याच्या हातात. घाई असेल तर बाराजणांचे पैसे तुम्हीच द्या आणि निघा. आम्ही चार होतो. आईने बाकावर बसून मोजायला सुरुवात केली. पाच झाले, सहा झाले, सायकलवाले तिघं आले, नऊ. बारावा माणूस धावत आला तेव्हा तिने टाळीच वाजवली. "ही तर वडाप!" सिंगापुरात आल्यापासून पहिल्यांदा तिला कसली तरी गंमत कळली होती.

होडी लाकडी, बाजूला टायर लावलेले, इंजिनाचा धडधडाट आणि डिझेलचा वास. माझी लेक नाक दाबून बसली आणि आई मात्र कडेला बसून तोंडावर वारा घेत होती. तिच्या लहानपणी मुंबईहून कोकणात बोटीने यायचे. बोट बाहेर समुद्रात थांबायची आणि किनाऱ्यापर्यंत पडावातून यायचं, साडी गुडघ्यापर्यंत वर धरून. ही गोष्ट मी शंभर वेळा ऐकलीय. माझ्या लेकीने पहिल्यांदा ऐकली आणि नाकावरचा हात काढला.

डोक्यावरून दर दोन-चार मिनिटांनी एक विमान. चांगी विमानतळ हाकेच्या अंतरावर आहे ना.

उबिनच्या धक्क्यावर उतरलं की समोर जे आहे तेवढंच गाव. एक रस्ता, दोन्ही बाजूला सायकली भाड्याने देणारी दुकानं, समुद्री जेवणाची एक-दोन हॉटेलं, एक छोटं चिनी देऊळ आणि त्याच्यासमोर नाटकाचा कायमचा रंगमंच. आमच्या गावात दशावतार देवळासमोर होतो, इथे चिनी ऑपेरा देवळासमोर होतो. देव आणि नाटक दोघंही समोरासमोर, म्हणजे देवाला नीट दिसावं. नव्या वर्षाचे लाल कंदील अजून लटकत होते, दोन-तीन दुकानं सुट्टीमुळे बंद होती. एक कुत्रा रस्त्याच्या बरोबर मध्ये झोपलेला आणि त्याला वळसा घालून सगळ्या सायकली चाललेल्या.

पहिल्यांदा आम्ही पायी पायी पेकान क्वारीपर्यंत गेलो. उबिन म्हणजे मलयमध्ये फरशी, आणि हे बेट म्हणजे मुळात ग्रॅनाइटचा गोटा. एकोणिसाव्या शतकापासून इथला दगड फोडून नेला. दूर पूर्वेला समुद्रात पेद्रा ब्रांका नावाच्या खडकावर हॉर्सबर्ग दीपगृह आहे, १८५१ मध्ये पेटलेलं, त्याचा दगड उबिनचा. सिंगापूर आणि जोहोरला जोडणारा, १९२४ मध्ये पुरा झालेला कॉजवे, त्यातही उबिनचा दगड. शेवटची खाण १९९९ मध्ये बंद झाली. आता त्या खड्ड्यांत पावसाचं पाणी साचून हिरवीगार तळी झालीत, कड्यांवर झाडं उगवलीत आणि त्यांवर बगळे घरटी करतात. नवख्या माणसाला सांगूनही खरं वाटत नाही की हे निसर्गाचं काम नाही, सुरुंगांचं आहे.

आईने एकदा बघितलं आणि म्हणाली, "चिरेखाण."

बरोबर. एका शब्दात.

बेटावर एके काळी दोनेक हजार माणसं होती. खाणी होत्या, रबर होतं, नारळ होते, कोळंबीची शेती होती, शाळा होती. शाळा १९८५ मध्ये बंद झाली. आता इथे राहणारे मोजके, तीस-चाळीस असतील, बहुतेक म्हातारे. मुलं समोरच्या तीरावर तांपिनिस, पासीर रिसच्या उंच इमारतींत. जमीन सरकारची. २०१३ मध्ये इथल्या वीसेक घरांना एक सरकारी पत्र आलं, त्यात घरं खाली करण्याची भाषा होती, मोठा गहजब झाला, आणि मग खुलासा आला की कोणाला काढत नाही, राहायचं असेल तर भाडं मात्र भरावं लागेल. सरकारला गावही हवंय आणि कागदही नीट हवेत. तक्रार नाही, पण ते पत्र हातात घेतलेल्या म्हाताऱ्या माणसाला दोन दिवस तरी झोप लागली नसणार.

आईला सायकल येत नाही, म्हणून गावातून एक व्हॅन केली. व्हॅनवाला साठीचा अंकल. सिंगापुरात वयाने मोठा प्रत्येक पुरुष अंकल आणि प्रत्येक बाई आंटी, मग ती चिनी असो, मलय असो की तमिळ. ही एक पद्धत मला इथली फार आवडते. काका-काकूंशिवाय ज्यांचं पान हलत नाही अशा आपल्यासारख्यांना ती सोयीची आहे. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंनी झाडी. रबर, नारळ, मध्येच फणस. फणस दिसला की आई काच खाली करायची. अचानक तिने अंकलचा खांदाच हलवला. व्हॅन थांबली. वर फांदीवर काळा-पांढरा, भल्यामोठ्या पिवळ्या चोचीचा पक्षी.

"ककणेर मरे तो! आमच्या वडार बसता तोच!"

तोच नव्हे, पण त्याचा चुलतभाऊ म्हणता येईल. ओरिएंटल पाइड हॉर्नबिल. सिंगापुरातून तो एकोणिसाव्या शतकातच नाहीसा झाला होता, मग १९९४ मध्ये उबिनवर परत दिसला. पुढे त्यांच्यासाठी झाडांवर लाकडी घरटी टांगली आणि आता तर शहरातही दिसतो. हे सगळं मी आईला सांगत होतो, पण तिचं लक्ष नव्हतं. ती लेकीला सांगत होती की याची मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते, आणि नर बाहेरून फटीतून महिनोन्महिने फळं भरवतो. लेकीने माझ्याकडे असं बघितलं की बाबा, हे तुम्ही मला का नाही सांगितलं.

चेक जावा हे बेटाचं पूर्वेचं टोक. याची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. सिंगापूर हा समुद्रात भर घालून वाढलेला देश आहे. साठच्या दशकात साधारण ५८० चौरस किलोमीटर होता, २०१९ पर्यंत ७२० च्या पुढे गेला. उबिनचं हे टोकही भरावाच्या आराखड्यात होतं. डिसेंबर २००० मध्ये शाळेच्या मुलांची एक सहल इथे आली आणि बरोबरच्या वनस्पतीशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की ओहोटीला इथे जे उघडं पडतंय ते साधंसुधं नाही. वाळू, चिखल, खडक, समुद्री गवत, प्रवाळ, खारफुटी, सगळं एकाच जागी, एकमेकांना चिकटून. मग २००१ चं वर्षभर माणसं मोजदाद करत फिरली, निवेदनं गेली, आणि 'जाण्याआधी बघून घेऊ' म्हणून हजारो लोक येऊन गेले. काम सुरू व्हायच्या बेतात असताना, डिसेंबर २००१ मध्ये सरकारने भराव पुढे ढकलला. रद्द नाही हं, पुढे ढकलला. बेटाची विकासासाठी गरज लागत नाही तोवर. आमच्या धंद्यातल्या माणसाला हा फरक नीट कळतो. पण चोवीस-पंचवीस वर्षं झाली, पुढे ढकललेलं पुढेच आहे. २००७ मध्ये तिथे पाण्यावरून जाणारी किलोमीटरभर लांबीची पायवाट आणि एक वीसेक मीटर उंचीचा मनोरा बांधला. गंमत अशी की त्याच वर्षी जानेवारीत समोर जोहोरमध्ये मोठे पूर आले, नदीचं गोडं पाणी सामुद्रधुनीत घुसलं आणि चेक जावाचे कितीतरी जीव मेले. माणसाने सोडलं तर पावसाने धरलं. हळूहळू सावरलं ते.

प्रवेशापाशीच एक इंग्रजी धाटणीचा बंगला आहे, १९३० च्या दशकातला, कोणा बड्या सर्वेक्षण अधिकाऱ्याच्या सुट्टीसाठी बांधलेला. त्यात चक्क शेकोटी आहे. विषुववृत्तापासून दीडशे किलोमीटरवर! आईने त्या शेकोटीत वाकून बघितलं आणि विचारलं, "हे थंडी खयसून हाडीत?" म्हणजे थंडी कुठून आणायचे. साहेबाला जाऊन विचारायला हवं होतं.

पायवाटेवर जाण्याआधी मी भरती-ओहोटीचा तक्ता फोनवर शोधत होतो, तोवर आईने विचारलं, "आज तिथी काय?" चतुर्थी संपून पंचमी लागणार. "मग तीन-साडेतीनाक भरती." कोकणातला हिशेब असा आहे: तिथीचे पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावास्या-पौर्णिमेला बारा. हा आमच्या किनाऱ्याचा आडाखा. चंद्र सगळीकडे तोच असला तरी प्रत्येक किनाऱ्याचं घड्याळ वेगळं असतं, हे मी तिला समजावून सांगितलं. ती हो हो म्हणाली. पाणी चढतच होतं. दुपारी तीन वाजता ते खारफुटीच्या मुळांवर येऊन थांबल्यासारखं झालं, आणि आई काही बोलली नाही, नुसती माझ्याकडे बघून डबा उघडायला लागली.

ओहोटीचे तारामासे वगैरे त्यामुळे दिसले नाहीत. पण खारफुटीच्या बाजूला निवट्या दिसल्या, चिखलावर पोटाने उड्या मारणारे ते बटबटीत डोळ्यांचे मासे, आणि एक हात मोठा असलेले लाल-निळे खेकडे. आईने निवटीच्या कालवणाची कृती सांगितली. शेजारून चाललेलं एक जोडपं थांबून ऐकत होतं, भाषा कळत नसताना.

डबा उघडला आणि पंधरा सेकंदांत झाडीतून रानडुक्कर. उबिनवर हे नेहमीचं आहे, सायकलीच्या टोपलीतल्या पिशव्या पळवतात. बाकीचे लोक मागे सरले, कोणी फोन काढले. आईने पायातली चप्पल काढली आणि "हाड रे मेल्या!" असा आवाज दिला की डुकराने घावण्यांचा नाद सोडला. वायंगणी भातशेती राखलेली बाई ती.

मंडळी, आता मुख्य भाग.

परतताना एका घरासमोर अंकलने व्हॅन थांबवली. जमिनीपासून थोडं उचललेलं लाकडी घर, वर पत्रा, बाहेर टेबलावर नारळ आणि थंड पेयांच्या बाटल्या. एक मलय आजी, साधारण आईच्याच वयाची. बाजूला विहीर. आई नारळपाणी हातात घेऊन सरळ विहिरीपाशी गेली, आत डोकावली, वास घेतला, आणि मान डोलावली. मग दोघी ओट्यावर बसल्या. भाषा एकही सामायिक नाही. मलय भाषेत संस्कृतातून गेलेले शब्द मात्र भरपूर: नावाला नामा, भाषेला बाहासा, नवऱ्याला स्वामीवरून सुआमी आणि बायकोला इस्त्री. आईने माझ्या बायकोकडे बोट दाखवलं, आजी म्हणाली "इस्त्री?", आणि आईला वाटलं ती कपड्यांबद्दल बोलतेय. बराच वेळ हसल्या दोघी.

मी समोर बसून ते सगळं बघत होतो. कोंबड्या, विहीर, संध्याकाळचं ऊन, दोन म्हाताऱ्या. आणि मला वाटलं, आता बोलावं. म्हणून मी सांगून टाकलं की दादाची मेल आलीय, पण काळजी करू नकोस, मी काही सही करत नाही. घर राहील. मी रिटायर झालो की येईन.

आईने लगेच उत्तर दिलं नाही. अंकलला म्हणाली, म्हणजे मला विचारायला लावलं, की रातीचा दुखूक लागला तर ही बाई जाता खय? अंकलने आजीला विचारलं. आजीने समुद्राकडे हात केला. फोन करायचा, मग बोट येते. मागच्या पावसाळ्यात तिची शेजारीण तशीच गेली नेताना. मुलगा रोज म्हणतो तांपिनिसला चल. मग अंकलने स्वतःहून सांगितलं की तोही इथे राहत नाही आता, सकाळी पहिल्या होडीने येतो आणि संध्याकाळी जातो.

मी हे सगळं आईला मराठीत सांगितलं. तिने नारळाचं मलईचं खोबरं खरवडून खाल्लं, शांतपणे. मग म्हणाली, "घर राखूचा म्हणजे झाडूचा, शाकारूचा, तिन्हीसांजेक दिवो लावूचो. कुलूप लावन घर रवता काय?"

मी म्हटलं, अगं पण तुझंच घर ना ते.

"माझा घर होता तेव्हा मी तिथे होतंय. बाबा पडले ती रात आठवता तुका? तू हयसर होतंस." बाबा पडले त्या रात्री पाऊस होता, गाडी मिळायला दोन तास गेले. मी इथे होतो, खरंच. फोनवर होतो. "सायकली भाड्यान घेवन माणसा ह्या घर बघूक येतत. बरा आसा. तुमका शनवारी बघूक गाव व्हयो. रवाक नको."

हे ती चिडून बोलली नव्हती. त्या आजीच्या कोंबड्यांना करवंटी टाकत टाकत बोलली होती.

बायको मला नजरेने गप्प राहा म्हणत होती, पण मी वाद घातलाच. मी म्हटलं, मग दादा म्हणतो तसं रिसॉर्टला देऊया का? तर ती म्हणाली, त्यांना कशाला? तेही शनिवारीच येणार. वाडीतल्या एका मुलीचं तिने नाव घेतलं. आरोग्य केंद्रात नर्स आहे, भाड्याच्या दोन खोल्यांत नवरा, सासू आणि दोन पोरं घेऊन राहते. तिने दोन वर्षांपूर्वीच आईला विचारलं होतं. पैसे पार्टीएवढे नाहीत, निम्म्याच्या थोडे वर, तेही हप्त्यांनी. "ती दिवो लावतली." म्हणजे हे सगळं तिच्या डोक्यात दोन वर्षं पक्कं होतं, आणि आम्ही दोघे भाऊ एक मेल पाठवून आणि दुसरा ती न वाचलेली ठेवून तिच्या भावना जपत होतो.

माझं मत अजूनही वेगळं आहे, हे सांगून ठेवतो. कुलूप लावलेलं का होईना, घर असलं की माणसाला परतायला जागा असते, असं मला वाटतं. आई म्हणते की परतायला माणूस लागतो. आमचा हा वाद आजतागायत चालू आहे.

निघताना मलय आजीने आईला परड्यातल्या हिरव्या मिरच्या दिल्या, पानात गुंडाळून. आईने डब्यातले उरलेले चार घावणे तिला दिले. पैसे द्यायला गेलो तर दोघींनीही मला रागावून बाजूला केलं.

धक्क्यावर यायला साडेपाच झाले. संध्याकाळी होड्या असतात, पण फार उशीर करू नये, बारा माणसं जमेनाशी होतात. आम्ही सात जण होतो. आई बाकावर पाय वर घेऊन बसली, चप्पल काढून. पलीकडे चांगीचे दिवे लागायला सुरुवात झाली होती आणि इकडे गावातलं एकेक जनरेटर धडधडायला लागलं. नवव्या माणसाला ती झोपली होती. बाराव्याला मी उठवलं.

त्यानंतर मार्चमध्ये मी वकिलातीत जाऊन सही केली, पण दादाने पाठवलेल्या मसुद्यावर नाही, दुसऱ्या. दादा माझ्याशी दोन महिने बोलला नाही आणि आईशी बोलला, पण फक्त औषधांबद्दल. खरेदीखत त्याच वर्षी दिवाळीआधी झालं. नर्सबाईंनी बावीवर पंप बसवला, मागच्या पडवीची खोली केली, फणस तसाच ठेवला. दर मे महिन्यात एक फणस पुण्याला पोचतो, एसटीने पार्सल, गोणपाटात बांधून. दादा तो फोडतो, गरे खातो, आणि मधेच त्या पार्टीने किती दिले असते तो आकडा काढतो. आई तेवढ्यात आठळ्या धुवायला उठते.